पोकुआमावशीच्या मयताचे कापड

मी, याव अडू-ट्वम, धंदा कापडछपाई, कारखाना आसोक्वा, राहणार तफो, कुमासी, हे माझे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवतो. वय साठीच्या पुढे. जन्म गुरुवारचा, हे नावावरूनच कळते, आमच्यात गुरुवारच्या मुलालाच याव म्हणतात. वर्षाबद्दल मात्र आईचे आणि शाळेच्या दाखल्याचे कधीच जमले नाही. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते चांगल्या दिवसांतले होते आणि त्यात मी दोन मोटारगाड्या वाटल्या होत्या. त्या गाड्या आता नाहीत, म्हणून ते मृत्युपत्रही नाही असे समजावे.

माझी मूत्रपिंडे थकली आहेत, डोके थकलेले नाही. मी प्यायलेलो नाही, रागात नाही, आणि माझा हात धरून कोणी लिहवून घेत नाही. वकीलसाहेबांनी मला बजावले की मृत्युपत्रात फक्त काय कोणाला ते लिहा, का ते लिहू नका, कोर्टात त्याला किंमत नसते. कोर्टात नसेल. पण मी गेल्यावर हा कागद आधी आमच्या घराण्याच्या बैठकीत वाचला जाणार आणि तिथे सगळे 'का'च विचारतात. म्हणून जे लिहायचे ते इथेच लिहितो.

हा कागद मुळात एका वचनासाठी आहे. इसाका मुमुनीला कामावर परत घेईन असा शब्द मी माझ्या पोकुआमावशीला दिला होता. तो मी पाळला नाही. बाकीची वाटणी त्या ओघात आली आहे.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी पत्नी अडवोआ हिने करावी. तिला हिशेब कळतो आणि तिला कोणी रडून फसवू शकत नाही. मी तिला बरेचदा फसवले, पण ते हसून.

२. तफोचे घर मी माझ्या कमाईतून बांधले. ते अडवोआचे आणि तिच्यामागे आमच्या दोन मुलींचे. वरचा मजला अर्धवट आहे, सळ्या तशाच आभाळाकडे उभ्या आहेत. ते बांधकाम ज्या वर्षी थांबले, त्या वर्षीपासून माझा धंदा कसा चालला आहे हे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही घराकडे बघून कळत असे. मुलींनी तो मजला पुरा करावा असा माझा आग्रह नाही. सळ्या कापून विकल्या तरी चालतील.

अडवोआची तक्रार आहे की कपाटावर माझ्या गोळ्यांची पाकिटे साठत चालली आहेत आणि मी डॉक्टरांच्या बिलाला नावे ठेवतो पण गोळी घेत नाही. तिने या कलमात ते घालायला सांगितले. घातले.

३. घराण्याच्या जुन्या घरातली खोली माझी नाही, ती आईच्या घराण्याची आहे, तेव्हा ती कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. ज्याची पाळी असेल त्याने राहावे. पावसाळ्याआधी पत्रे बघून घ्यावेत.

४. माझा भाचा क्वादवो. रिवाजाने मामाचे भाच्याकडे जाते, आणि क्वादवो लहानपणापासून माझ्या कारखान्याकडे आपलाच म्हणून बघत आला आहे. त्याला मी माझी ठेवणीतली तिन्ही विणलेली वस्त्रे, बैठकीतली खुर्ची, मामा म्हणून जे मानाचे असेल ते सगळे, आणि केजेतिया बाजारातला माझा गाळा देत आहे. कारखाना देत नाही.

क्वादवो वाईट मुलगा नाही. गेल्या ख्रिसमसला जेवताना तो मला म्हणाला, "मामा, छापण्यात आता काय राहिलंय? चीनहून तयार येतं. आपण फक्त गोदामाचं कुलूप उघडायचं."

मी म्हणालो, "आणि टेबलांचं काय करायचं?"

"टेबलांवर त्याच कापडाचे गठ्ठे ठेवायचे."

तो चुकीचे बोलत नव्हता. ते कापड आमच्या निम्म्या भावात येते आणि त्यावर आमचीच नक्षी असते. पण ती टेबले गठ्ठे ठेवायला केलेली नाहीत, आणि माझ्या डोळ्यांदेखतच नव्हे, तर डोळ्यांआडही ते होऊ नये असे मला वाटते.

५. आसोक्वाचा कारखाना, म्हणजे पुढची शेड, सहा लांब टेबले, नक्षी छापायच्या सगळ्या स्क्रीन, बॉयलर, धुण्याचे हौद आणि वाळवणाचे अंगण, हे सर्व माझे स्वकष्टार्जित आहे. मागची जागा विकून बँकेचे कर्ज मी फेडले आहे, त्यामुळे या मालमत्तेवर कोणाचा बोजा नाही. हे सर्व मी इसाका मुमुनी, राहणार असावासे, याला देतो. तो आमच्या घराण्याचा नाही, आमच्या गावचा नाही, आमच्या चर्चचाही नाही. तो माझा मुकादम होता.

आता 'का' ते सांगतो.

माल खपेनासा झाला तो एका दिवसात नाही. आधी ज्या बायका बारा वार घेत, त्या सहा घेऊ लागल्या. मग ईस्टरला नवीन घेणाऱ्यांनी गेल्या वर्षीचेच इस्त्री करून नेसले. रविवारी चर्चमध्ये मी माणसांकडे नाही, त्यांच्या कपड्यांकडे बघत असे, आणि त्यात माझ्या कारखान्यातले नवे कापड दिसले नाही की माझे प्रार्थनेकडे लक्ष लागत नसे. रंग डॉलरमध्ये येतो आणि आमची सेडी दर महिन्याला घसरत होती. मांजरपाटाचे गठ्ठे उधारीवर मिळायचे बंद झाले. वीज एक दिवस असे, एक दिवस नसे. बॉयलर तापेपर्यंत ती जाई आणि टेबलावर ताणलेले कापड तसेच राही. केजेतियातली मॅडम अग्येईवा, जिला मी पंचवीस वर्षे माल दिला, तिने एका सकाळी माझे सगळे गठ्ठे हातगाडीवर घालून परत पाठवले. बरोबर निरोप होता की वाईट वाटून घेऊ नका. मी वाईट वाटून घेतले. ती माझ्या मयताला आली तर तिला बसायला खुर्ची द्यावी, पण सावलीतली नको.

एकच कापड खपत होते. लग्न पुढे ढकलता येते, बारसे घरातल्या घरात उरकता येते. मयत मात्र कमीत कमी खर्चात केले तर घराण्याची मान खाली जाते. पोट मारून लोक मयताचे कापड घेत. घराण्याने एकदा कापड ठरवले की सगळ्यांनी तेच घ्यायचे, चुलत-मावस सगळ्यांनी. त्यामुळे मोठ्या घराण्यातला एक म्हातारा गेला की माझ्या माणसांचा एक महिन्याचा पगार निघे.

मी सकाळी उठून आधी रेडिओवरच्या मयताच्या जाहिराती ऐकू लागलो. एखाद्या आठवड्यात नावे कमी असली की माझा चेहरा उतरे. अडवोआने एकदा विचारले, "कोण गेलं?" मी म्हणालो, "कोणीच नाही." ते मी ज्या आवाजात म्हणालो, त्याची मला अजून लाज वाटते.

आणि त्याच वर्षी माझी पोकुआमावशी इस्पितळात पडली.

आमच्यात मावशी म्हणजे आईच. माझी आई मी लहान असताना गेली आणि मला पोकुआमावशीने वाढवले. केजेतियात तिचा कापडाचा गाळा होता. मी छपाई सुरू करायची म्हटल्यावर तिने जेवणाचे टेबल मला दिले, सागवानी, आठ माणसांचे. माझे पहिले कापड मी त्यावर छापले. त्यानंतर कित्येक वर्षे ती मांडीवर ताट घेऊन जेवली. आता ती आमच्या घराण्यातली सगळ्यात वडीलधारी बाई आहे. ती गेली तर कुमासीपासून आक्रापर्यंतचे, आणि परदेशी गेलेलेही, सगळे कापड घेणार हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

डॉक्टरांनी सांगितले की आता देवाच्या हातात आहे. मोठ्या छापखान्यांची माणसे शवागाराबाहेर नमुन्यांच्या फाइली घेऊन उभी असतात. ते दोन दिवसांत छापून देतात. आम्हाला हाताने छापायला तीन आठवडे लागतात. माणूस गेल्यावर सुरुवात केली तर ते काम माझ्याकडे येणार नव्हते. माझ्या स्वतःच्या मावशीचे मयत दुसऱ्याच्या कापडात होणार होते. मी स्वतःला हे असे समजावले.

मी इसाकाला बोलावले आणि तिचा फोटो दिला, चर्चच्या महिला मंडळाच्या समारंभातला.

तो म्हणाला, "मालक, आजी गेल्या का?"

"नाही अजून."

"मग?"

"डॉक्टर म्हणतात देवाच्या हातात आहे."

"देवाच्या हातात आहे तर आधी त्यालाच छापू द्या की," इसाका म्हणाला. टेबलांवरची सगळी माणसे हसली, मीही हसलो. मग त्याने कापड ताणायला घेतले. कोणाचाच दोन महिन्यांचा पगार झालेला नव्हता.

कापडाला गडद तांबडी जमीन, तीवर काळ्या रंगात मरणाची शिडी, जी आपल्याकडे मयताच्या कापडावर असतेच, आणि मधोमध लंबगोलात मावशीचा चेहरा. होते नव्हते ते सगळे मांजरपाट मी त्यात घातले, सगळा रंगही. गोदाम भरले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुबक काम होते.

मग एका दुपारी घराण्याच्या प्रमुखांचा फोन आला. ते ओरडत होते. पोकुआमावशी बिछान्यातून उठून बसली होती आणि हलक्या रश्श्याबरोबर फुफूचा गोळा खायला मागत होती.

मी म्हणालो, "देवाची कृपा." आणि खाली बसलो. ती बरी झाली याचे मला वाईट वाटले. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून हे वाक्य मी एकदा खोडले होते. पुन्हा लिहिले आहे.

असली गोष्ट लपत नाही. छापताना एक तुकडा बिघडला होता, तो इसाकाच्या बायकोने, रहिनातूने, बाळाला पाठीशी बांधायला नेला. ती असावासेच्या कोपऱ्यावर भात-चवळी विकते. मावशी इस्पितळातून घरी येऊन आठवडा झाला नसेल, तोच बाजारात कोणीतरी तिला सांगितले की आजी, तुम्ही एका पोराच्या बुडाखाली बसलेल्या दिसलात.

मावशी काठी टेकत टॅक्सीतून उतरली आणि थेट शेडमध्ये आली. "कुठंय मी?" तिने विचारले.

मी गोदाम उघडले.

"उलगड."

इसाकाने एक ठाण उलगडले. मावशीने ते दाराशी उजेडात धरले आणि बराच वेळ बघितले. मग म्हणाली, "फोटो बरा निवडलास. नाक पसरलंय जरा."

इसाका म्हणाला, "रंग ओढायची रबराची पट्टी जास्त दाबली गेली, आजी."

"आणि ही शिडी माझ्या डोक्यातून का उगवलीय?"

मी म्हणालो, "मरणाची शिडी काही एकट्यासाठी नसते, मावशी. त्या अर्थानं घातली."

"मुडद्या, एकट्यासाठी नसते तर शेजारी तुझाही फोटो टाकायचास!"

सगळे हसले. मी हसलो नाही. तिने बोट ओले करून तांबड्या रंगावर घासले आणि बोट बघितले. चाळीस वर्षे कापड विकलेली बाई ती. "रंग पक्का आहे," ती म्हणाली. "कापड चांगलं केलंस. लागेल तेव्हा लागेल."

घराण्याच्या बैठकीने मला एक मेंढा आणि दारूची बाटली दंड केला. जिवंत माणसाचे कापड छापणे म्हणजे त्याला दार दाखवणे, असे प्रमुख म्हणाले. मी दंड भरला. मावशीने मेंढ्याचे मटण खाल्ले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले.

इथे संपले असते तर ती हसण्याची गोष्ट झाली असती. पण माझे सगळे भांडवल त्या गोदामात अडकले होते आणि दुसरे काम येत नव्हते. दोन महिन्यांनी मी चौदा माणसांना घरी बसवले. इसाका त्यात होता. त्याने फक्त विचारले, "मालक, एवढा माल तयार पडलाय, त्याचे पैसे कधी येतील?"

मी चिडलो होतो. मी म्हणालो, "ते मला काय विचारता? जा, पोकुआमावशीला विचारा, अजून का गेली नाही म्हणून!"

सगळ्यांनी ते ऐकले. इसाका निघून गेला. तो आता असावासेत कोळशाच्या इस्त्रीने लोकांचे कपडे इस्त्री करतो.

रहिनातू मात्र मावशीकडे गेली. मी म्हटले होते ते विचारायला नाही. नवऱ्याचे काम परत मिळावे म्हणून रदबदली करायला गेली. पण मावशीने खोदून खोदून विचारले आणि तिने माझे वाक्य सांगून टाकले. मावशी म्हणाली, "बरं. बघते माझ्याकडून काय होतं ते." रहिनातूला वाटले, ती माझ्याशी बोलणार आहे.

काही दिवसांनी रहिनातू कारखान्यात आली, डोक्यावरची परात न उतरवताच. "मालक, आजी रक्तदाबाच्या गोळ्या घेत नाहीत. कोंबड्यांना टाकतात. मी डोळ्यांनी बघितलं. तुम्ही जा आज."

"बघतो," मी म्हणालो.

मी गेलो नाही. मी गोदाम उघडले आणि त्या कापडाला वाळवी लागली नाही ना, हे एकेक ठाण काढून बघितले. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. मी कोणाला काही केले नव्हते, मी फक्त गेलो नव्हतो. जिच्या नवऱ्याच्या पोटावर मी पाय दिला, ती बाई माझ्या मावशीला वाचवायला उन्हातून चालत आली, आणि मी वाळवी बघत होतो.

रविवारी चर्चमध्ये मावशीची जागा रिकामी होती. तेव्हा गेलो.

ती ओसरीवर बसली होती. पाय सुजलेले, आवाज खाली गेलेला. मला बघून म्हणाली, "रंग विटतो का रे, ठेवून ठेवून?"

"मावशी, गोळ्या का घेत नाहीस?"

"त्या बाईला तीन पोरं आहेत, याव. मी एवढं जगून आता काय छापणार आहे?" मग तिने विचारले, "रहिनातूनं तुला कधी सांगितलं?"

मी म्हणालो, "आज सकाळी."

ती "बरं," म्हणाली. तिला खरे माहीत होते, कारण रहिनातू माझ्याकडून थेट तिच्याकडेच गेली होती. तिने ते मला कधी बोलून दाखवले नाही. मारले असते तर बरे झाले असते.

मी तिचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडलो. ती म्हणाली, "ऊठ. इसाकाला परत घे. मग घेते गोळी."

"घेतो."

"माझ्याकडे बघून सांग."

"घेतो, मावशी."

तिने पदराच्या गाठीतून गोळी काढली आणि माझ्यासमोर पाण्याबरोबर गिळली. त्यानंतर ती माझ्या शब्दावर रोज गोळी घेत आली. दर रविवारी विचारते, "इसाका आला का?" आणि मी दर रविवारी सांगतो, पुढच्या महिन्यात, मावशी. खोटे बोलायचा माझा विचार नव्हता. काम नव्हते, रंगाला पैसे नव्हते. पण तिची गोळी खरी होती आणि माझा शब्द खोटा ठरला.

म्हणून कारखाना इसाकाचा. त्याने तो चालवावा. घरी बसवलेल्या माणसांपैकी जेवढी घेता येतील तेवढी घ्यावीत. याहून जास्त अटी घालत नाही. मेल्यावर मालकी गाजवणारे मालक मी पाहिले आहेत. मावशीचे सागवानी टेबल शेडमध्ये डाव्या कोपऱ्यात आहे, ते मात्र विकू नये.

क्वादवो, तू हे वाचून बैठकीत उभा राहशील हे मला माहीत आहे. उभा राहण्याआधी शेवटच्या पानावर साक्षीदार कोण आहे ते बघ. घराण्यात तिच्यापुढे कोण बोलतो ते मलाही बघायचे होते, पण मी नसेन.

६. गोदामातले ते सर्व कापड. कारखाना इसाकाला दिला तरी रंग आणि मांजरपाट आणायला त्याच्या हातात काही हवे. माझ्याकडे रोख नाही. हे कापडच आहे. एवढ्या मालाला आता एकच गिऱ्हाईक आहे आणि ते म्हणजे माझे मयत. घराण्याने माझ्या मयताला दुसरे कापड छापू नये, हेच घ्यावे, बाजारभावाने घ्यावे, आणि आलेले सर्व पैसे इसाकाने धंद्यात घालावेत. घराणे मोठे आहे. जे माझ्याशी बोलत नाहीत तेही मयताला येतील आणि कापड घेतील, कारण न घेणे दिसून येते.

डॉक्टर म्हणतात की नीट औषध घेतले तर माझी आणखी काही वर्षे जातील. इसाकाच्या पोरांना तेवढी वर्षे थांबता येणार नाही. माझ्या हिशेबाने हे काम लवकरच होईल.

मूळ मसुद्यात मी असे लिहिले होते की मावशीच्या चेहऱ्यावर काळा रंग फिरवून तो झाकावा, म्हणजे जिवंत माणसाचा चेहरा मयतात मिरवल्याचा दोष लागणार नाही. सही करण्याआधी मावशीने मसुदा वाचून घेतला आणि ते वाक्य खोडायला लावले. "माझं तोंड कशाला काळं करतोस?" ती म्हणाली. तिच्या हुकमावरून दुरुस्ती अशी: तिचा चेहरा तसाच राहील. त्याच्या शेजारी, शिडीच्या दुसऱ्या बाजूला, माझा चेहरा छापावा. ते काम इसाकाने स्वतः करावे. नाकाला जपावे.

७. पोकुआमावशीला या मृत्युपत्रात मी काहीही दिलेले नाही. कायद्याने साक्षीदाराला काही घेता येत नाही. मी तिला विचारले होते की तुला काही ठेवू की साक्षीला बोलावू. ती म्हणाली, "माझं टेबल तू नेलंस, चेहरा तू नेलास. आता तुझ्याकडून काय घेऊ? साक्षीला येते."

८. माझे शव फार दिवस शवागारात ठेवू नये. रोजचे भाडे लागते. माझ्या मयतात जे जेवण होईल त्यातली भात-चवळी रहिनातूकडून घ्यावी आणि तिला तिथेच पैसे द्यावेत. जेवताना तिला आणि इसाकाला घराण्याच्या पंगतीत बसवावे.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला समजले, आणि त्यात जे लिहिले आहे ते खरे आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर, दोघेही हजर असताना, मी सही करत आहे.

सही: याव अडू-ट्वम
ठिकाण: तफो, कुमासी
तारीख: १५ फेब्रुवारी २०२४, गुरुवार

साक्षीदार दुसरे: एबेनेझर क्वार्टे, वकिलांच्या कचेरीतील कारकून. सही केली.

साक्षीदार पहिली: अमा पोकुआ, घराण्यातील ज्येष्ठ स्त्री. सही सावकाश केली. सहीनंतर त्यांनी पेन खाली ठेवले नाही. उठून कपाटावरची गोळ्यांची पाकिटे काढली, मोजली नाहीत, टेबलावर ठेवली, आणि पुढील शब्द मृत्युपत्रात लिहायला लावले. साक्षीदाराला मजकूर घालता येत नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. त्यांनी मला गप्प बसायला सांगितले. म्हणून जसेच्या तसे लिहितो. ए. क्वार्टे.

"याव, मला वाचता येतं. सहावं कलम मी दोनदा वाचलं. मी जे कोंबड्यांना टाकत होते तेच तू कपाटावर टाकतोयस. शब्द पाळायला मरायची गरज नसते रे. उद्या सकाळी इसाकाला बोलाव, किल्ली त्याच्या हातात दे, आणि मी सांगेन घराण्याला, यंदा ईस्टरला सगळ्यांनी त्याच्याकडून सहा-सहा वार घ्यायचे, साधं, फुलांचं, आगाऊ पैसे देऊन. नाही कोण म्हणतो ते बघते. आता तोंड उघड आणि ही गोळी घे. कापड थांबेल."

गोळी घेतली. याव अडू-ट्वम.